पी-५३ : पेशीतला वॉचमन

कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात 'निगेटिव्ह फीडबॅक'चं उदाहरण विचारलं, की आपलं उत्तर ठरलेलं : गिझरचा थर्मोस्टॅट! आणखी एक उदाहरण सांगते. ते तुमच्या पेशींत आत्ता, हे वाचतानाही चालू आहे. त्याचं नाव पी-५३.

पी-५३ हे एक प्रोटीन. त्याचं जीन आपल्या सतराव्या क्रोमोझोमवर असतं. १९७९ मध्ये हे प्रोटीन सापडलं, तेव्हा ते कॅन्सर घडवतं असा समज झाला. १९८९ मध्ये उलगडा झाला, की अभ्यासलेली जीन्सच बिघडलेली होती. शाबूत पी-५३ तर कॅन्सर रोखतं. चोर म्हणून धरला तो वॉचमन निघाला!

त्याचं काम काय? एका पेशीच्या दोन होण्याआधी डीएनएची कॉपी निघते. मूळ डीएनए तुटलेला असेल तर चूक पुढच्या पेशींत जाणार. अशा वेळी पी-५३ डीएनएवर ठरावीक जागी बसून इतर जीन्स चालू करतं. त्यातलं पी-२१ विभाजन थांबवतं, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. नुकसान फारच झालं असेल, तर प्यूमा, बॅक्स ही जीन्स कामाला लागतात आणि पेशी स्वतःच मरते. एक पेशी गेली, पण माणूस वाचला.

मात्र असा कडक वॉचमन सतत मोकाट असेल तर धडधाकट पेशीही मरतील. म्हणून त्याच्यावर एमडीएम-२ या प्रोटीनचा लगाम असतो. ते पी-५३ला चिकटतं, त्यावर 'युबिक्विटिन'चं लेबल लावतं आणि लेबल लागलेलं प्रोटीन पेशी मोडून टाकते. गंमत म्हणजे एमडीएम-२चं जीन चालू करतं कोण? खुद्द पी-५३! झाला की नाही फीडबॅक लूप? हा लगाम किती महत्त्वाचा, ते १९९५ मध्ये दिसलं. एमडीएम-२ नसलेले उंदीर जन्माआधीच मेले. पी-५३सुद्धा काढून टाकलं तेव्हा जगले.

साध्या दिवशी पी-५३ बनतं आणि थोड्याच वेळात मोडलं जातं. डीएनए तुटला की एटीएम नावाचं एन्झाइम या जोडीवर फॉस्फेट चढवतं, पकड सुटते आणि पी-५३ साठू लागतं. नवं एमडीएम-२ बनायला वेळ लागतो. लूपमध्ये डिले आला की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको : ऑसिलेशन! २००४ मध्ये एकेका पेशीवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं. रेडिएशन वाढवलं तर पल्सची उंची वाढली नाही, संख्या वाढली. पेशी चक्क डिजिटल निघाली!

आता कामाची गोष्ट. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३चं जीन बिघडलेलं आढळतं. सिगारेटच्या धुरात बेंझोपायरीन असतं. ते शरीरात गेल्यावर त्यापासून बनणारं रसायन या जीनवर नेमकं कुठे चिकटतं, ते १९९६ मध्ये तपासलं गेलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये जिथे वारंवार बिघाड सापडतो, त्याच त्या जागा!

तेव्हा सबमिशनच्या टेन्शनमध्ये गेटबाहेरच्या टपरीकडे वळणाऱ्यांनो, रेक्टर सरांना चुकवणं सोपं आहे. पण लूप कितीही भारी असला, तरी कंट्रोलरच जाळल्यावर सिस्टिम सांभाळणार कोण?