हुशारांची फौज

उत्तमोत्तम बुद्धिमंत गोळा केले की कंपनीची भरभराट झालीच, असे समीकरण उद्योगजगतात रूढ झाले आहे. आम्हांला ते मान्य नाही. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीने नामांकित विद्यापीठांतील पदवीधर वेचून घेतले, त्यांना भरमसाट वेतन दिले आणि क्रमवारीत तळाशी येणाऱ्यांना नारळ दिला. 'फॉर्च्यून' नियतकालिकाने सलग ६ वर्षे तिला सर्वाधिक कल्पक कंपनी ठरविले. परंतु ही बुद्धी कर्जे दडविण्याकडे वळली आणि डिसेंबर २००१ मध्ये दिवाळे निघाले. गुहागरनजीकचा तिचा दाभोळ वीज प्रकल्प तर दरांच्या वादात त्याआधीच बंद पडला होता. कोकणाला हे नव्याने सांगावयास नको.

याउलट, १९५९ साली गिरगावातील ७ गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. 'लिज्जत'चा पसारा आज हजारो भगिनींचा आहे. लाटणारी प्रत्येक जण मालकीण, नफ्यातोट्याची वाटेकरीण. शिक्षणाची अट नाही. पीठ मात्र केंद्रातच, ठरल्या प्रमाणात मळले जाते.

वीज केंद्र पापडाच्या पिठावर चालत नाही, हे आम्ही जाणतो. तेथे निष्णात अभियंता हवाच. पण त्याच्या मालकाच्या वह्या कोण तपासतो? एन्रॉनच्या वह्या तपासणारी आर्थर अँडरसन ही पेढीही नामांकितच होती.