'फुल इन्शुरन्स' आहे म्हणे!

रामनगरच्या नाक्यावर ट्रक दोन कारणांनी थांबतात: चहासाठी, आणि पुढच्या अनमोड घाटासाठी मन घट्ट करायला. जोयडा तालुक्यातलं, सुपा धरणाच्या विस्थापितांसाठी वसवलेलं हे गाव बेळगाव-पणजी महामार्गावर आहे. बेळगावची भाजी घेऊन गोव्याला उतरणाऱ्या गाड्या इथूनच जातात. कुठल्याही ड्रायव्हरला विम्याचं विचारा, उत्तर ठरलेलं: "फुल इन्शुरन्स आहे." या नावाची पॉलिसी मात्र कोणतीच कंपनी विकत नाही.

ट्रकवाले जिला 'फुल' म्हणतात ती पॅकेज पॉलिसी. तिचे दोन भाग. पहिला थर्ड पार्टीचा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 20 ते 40 टनांच्या मालवाहू गाडीचा हा हप्ता वर्षाला 43,950 रुपये ठरला. रक्कम एवढी मोठी, की ती भरली म्हणजे गाडी सुरक्षित झाली असं कुणालाही वाटावं. पण हा पैसा मालकासाठी नसतोच. ट्रकची धडक ज्याला बसली त्याच्यासाठी असतो. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला त्यात वरची मर्यादा नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत. स्वतःची गाडी दरीत गेली आणि दुसरा भाग, म्हणजे ओन डॅमेज, घेतलेला नसेल, तर हातात फक्त पंचनाम्याची प्रत उरते.

ओन डॅमेज घेतला तरी घाटात आधी काय फुटतं ते पाहायला हवं. धुक्यात समोरून येणारी गाडी घासून गेली की दिवा जातो, बंपर वाकतो, मडगार्ड लोंबतं. मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजूचे भाग आणि रंग ही यादीच मुळात वगळलेली असते. गाडी पूर्ण निकामी झाली तरच त्यांचा विचार होतो. हे भाग आत आणायचे तर 'आयएमटी 23' नावाची जोड जादा हप्ता देऊन घ्यावी लागते. वर्षभर किरकोळ ठोकरा खाणाऱ्या गाडीला हीच जोड सगळ्यात उपयोगी, आणि हप्ता कमी करायचा म्हटलं की बहुतेक वेळा हिच्यावरच काट मारली जाते.

सगळ्यात महागडा गोंधळ मालाचा.

"माल पार्टीचा आहे, विमा पार्टीनं काढलाय, आपला काय संबंध?" हे वाक्य ट्रान्सपोर्टच्या प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. ट्रकच्या पॉलिसीत आतला माल येत नाही, हे खरं. पण मालाची पावती, म्हणजे बिल्टी, फाडणाऱ्या वाहतूकदाराची सुटका त्यानं होत नाही. 1865 च्या जुन्या कायद्यापासून नियम असा, की माल खराब झाला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज मालाच्या मालकाला नाही. त्या जुन्या कायद्याची जागा आता 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यानं घेतली आहे. मालाची विमा कंपनी आधी मालकाला पैसे देते, मग मालकाच्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडून ते वसूल करू पाहते. इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन आणि चरण स्पिनिंग मिल्स यांच्या खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हा वसुलीचा हक्क सविस्तर मान्य केला. नव्या कायद्यात वाहतूकदाराला एक ढाल आहे: जादा जोखमीचा दर ठरलेला नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. समजा, दांडेलीहून निघालेल्या कागदाचं भाडं 15 हजार, तर दीड लाख. लहान ट्रकमालकाला हीही रक्कम जड जाते. त्यासाठी 'कॅरियर्स लीगल लायबिलिटी' ही वेगळी पॉलिसी असते, पण तिची चौकशी बहुधा पहिली नोटीस आल्यावरच होते.

जुलै 2025 मध्ये अनमोड घाटात रस्ता खचला आणि जड वाहनांना बंदी झाली. अशा वेळी अडकलेली भाजी कुजली तर? मालाचा नेहमीचा प्रवास-विमा निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान देत नाही. गाडी उभी राहिल्यानं बुडालेलं भाडंही मोटार पॉलिसी देत नाही, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

केबिनमधल्या माणसांचं गणित आणखी वेगळं. ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्यासाठी कायद्यातल्या कर्मचारी भरपाईइतकं संरक्षण सक्तीच्या विम्यातच आहे. 1994 च्या दुरुस्तीनं मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी आत आला. पण जगलबेटहून रामनगरला जायचं, बस चुकली, म्हणून हात दाखवून चढलेला गावकरी? तो त्यात नाही. आशा राणी खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं. जोयड्यासारख्या जंगलातल्या तालुक्यात बस चुकलेल्याला नाही म्हणणं ड्रायव्हरच्या जिवावर येतं. अपघात झाला तर त्या माणुसकीची भरपाई मात्र मालकाच्या खिशातून जाऊ शकते.

ओव्हरलोड असला की क्लेम संपला, ही समजूत उलट्या बाजूची. जादा माल भरलेल्या गाडीचा दावा 'नॉन-स्टँडर्ड' धरून मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत देण्याची पद्धत आहे, आणि अमलेंदू साहू खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं तिचा दाखला दिला आहे. सर्व्हेअरनं तोंडी "काही मिळणार नाही" म्हटलं, तरी नकार लेखी मागावा. ड्रायव्हरचं लायसन्स बनावट निघालं तरी जखमीला बहुधा कंपनीच पैसे देते. 2004 च्या स्वर्ण सिंग निकालानंतर वाट तीच पडली आहे. फरक इतकाच, की लायसन्स न तपासणाऱ्या मालकाकडून कंपनी तो पैसा नंतर वसूल करू शकते.

जुना ट्रक घेणाऱ्यांसाठी एक शेवटचं. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, ओन डॅमेज येत नाही. त्यासाठी कंपनीला 14 दिवसांच्या आत कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यावं लागतं. आणि पॉलिसी हातात आलीच आहे, तर तिच्यावर 'आयएमटी 23' छापलं आहे का, तेही घाट उतरण्याआधी बघून घ्यावं.