आवडत्या पण खोडकर घोड्याची वाजवी किंमत कशी ठरवावी ?

घोडा विकण्याची वेळ आली की त्याच्या पालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. बाजारात त्याचे काय येईल, हा पहिला. आणि त्याच्या खोडी गिऱ्हाइकास किती सांगाव्यात, हा दुसरा. घरच्या मुलासारखा वाढविलेला घोडा असेल तर दोन्ही प्रश्न अधिकच अवघड होतात. मायेपोटी काही पालक भलतीच किंमत सांगतात व गिऱ्हाईक आल्या पावली परत जाते. काही जण खोडीची लाज वाटून चांगले जनावर मातीमोलाने देऊन टाकतात. काही जण खोड लपवून सौदा उरकतात. मग फसलेला नवा धनी तो घोडा तिसऱ्याच्या गळ्यात घालतो. अशा फिराफिरीत शेवटचा भार मुक्या जनावरावर पडतो. म्हणून वाजवी किंमत कशी काढावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घोड्याचे बदललेले काम

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मच्छे हे मूळचे शेतीचे गाव. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठही त्याच परिसरात आहे. रस्त्यावर अवजड वाहनांची रहदारी वाढली. टांगे व सामानाच्या घोडागाड्या मागे पडल्या. आता घोडा मुख्यतः लग्नाची वरात, जत्रा, मिरवणूक आणि हौसेची रपेट यांसाठी पाळला जातो. काम बदलले म्हणजे किमतीचे मापही बदलते. टांग्याच्या घोड्यात ओढीची ताकद पाहत. वरातीच्या घोड्यात गर्दी, बँड व फटाके यांपुढील शांतपणा पाहावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातील अश्व चिकोडी तालुक्यातील अंकली येथील शितोळे सरकारांच्या वाड्यातून दर वर्षी आळंदीस जातात. त्यांपैकी माउलींच्या अश्वावर स्वार बसत नाही. लाखो वारकऱ्यांच्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात त्यास चालावे लागते व रिंगणात धावावे लागते. अशा कामासाठी रूपाइतकाच स्वभाव मोलाचा असतो.

आधी निर्दोष घोड्याचा भाव काढावा

आपल्या घोड्याची किंमत ठरविण्यापूर्वी त्याच वयाच्या, त्याच बांध्याच्या व त्याच कामाच्या निर्दोष घोड्यास सध्या काय मिळते, हे पाहावे. दत्तजयंतीस नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे आणि मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेत नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे घोड्यांचे मोठे बाजार भरतात. प्रत्यक्ष जाणे जमले नाही तरी तेथून परतलेल्यांकडून भाव समजतात. मात्र सांगितलेली किंमत व पदरात पडलेली किंमत यांत अंतर असते, दुसरीच विचारावी.

वयाची खात्री दातांवरून करावी. समोरच्या दुधाच्या दातांची जागा अडीच, साडेतीन व साडेचार या वयांच्या सुमारास कायमचे दात घेतात. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. खालच्या दातांवरील खळगे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान क्रमाने झिजतात. वरच्या कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ एक खाच दिसू लागते; ती पंधराव्या वर्षी निम्म्यापर्यंत व विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. यात थोडा फरक पडतो, परंतु बारा वर्षांचा घोडा सात वर्षांचा म्हणून सांगणे पारखी माणसापुढे टिकत नाही.

देवमण, पंचकल्याणी, आसूढाळ इत्यादी भोवऱ्यांचा व खुणांचा बाजारभावावर परिणाम होतो, ही वस्तुस्थिती आहे. त्यांचा घोड्याच्या ताकदीशी अथवा स्वभावाशी मात्र काही संबंध नाही. भाव काढताना त्या हिशेबात येतील. गुण सांगताना त्यांचा आधार घेऊ नये.

खोडीचे तीन प्रकार

सर्व खोडी एका मापाने मोजू नयेत. पहिला प्रकार निरुपद्रवी सवयींचा : दाण्याची बादली उपडी करणे, ठराविक बाजूनेच पाठीवर घेणे, एका माणसाच्या हाकेसच येणे. यांसाठी किंमत कमी करण्याचे कारण नाही. त्या समजावून सांगितल्या म्हणजे पुरे. दुसरा प्रकार खर्चाच्या खोडींचा : नाल मारताना स्वस्थ उभा न राहणे, दावे तोडणे, लाकूड चावून हवा गिळणे. तिसरा प्रकार धोक्याचा : लाथ मारणे, चावणे, वाहनास बुजून उधळणे. यात माणसाच्या जिवाचा प्रश्न येतो.

एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. जी खोड अचानक उद्भवली ती पुष्कळदा दुखणे असते. खोगीर लागल्यामुळे पाठीस झालेली जखम, टोकदार झालेली दाढ किंवा खुरातील वेदना यांमुळे गरीब घोडाही लाथ मारू लागतो. म्हणून विक्रीपूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास घोडा दाखवावा. उपचाराने खोड गेली तर किंमत आपोआप वाढेल.

हिशेबाची रीत

समजा, निर्दोष घोड्यास ६०,००० रुपये येतात. आपला घोडा नाल मारताना उभा राहत नाही. त्यामुळे दर वेळी एक जादा माणूस लागतो व २०० रुपये जास्त पडतात. वर्षातून ८ वेळा नाल बदलावे लागल्यास वर्षाचे १,६०० रुपये होतात. कामाची ६ वर्षे उरली आहेत असे धरल्यास ९,६०० रुपये. ते वजा जाता ५०,४०० रुपये उरतात. ही झाली खर्चाच्या खोडीची वजावट.

आता हाच घोडा ट्रकच्या आवाजास बुजतो असे धरू. ही खोड रुपयांत मोजण्यासारखी नाही. ती गिऱ्हाईक ठरविते. वरातीसाठी घोडा पाहणाऱ्यास तो कोणत्याही भावाने देऊ नये. शेताशिवारातून रपेट करणाऱ्यास मात्र ती मोठी अडचण नाही. योग्य गिऱ्हाईक थोडे असल्यामुळे वाट पाहावी लागेल. घोड्याच्या खाण्यापिण्यास व देखभालीस महिन्यास ४,००० रुपये लागत असतील, तर महिन्याने मिळणारे ५०,००० आणि आज मिळणारे ४६,००० हे सारखेच होत. तेव्हा ५०,००० ही सांगण्याची व ४६,००० ही सोडण्याची किंमत धरावी. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. रीत तीच ठेवून प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. शिक्षकांना वर्गात व्यवहारी गणित म्हणूनही हे उदाहरण घेता येईल.

या हिशेबात मायेचा आकडा कोठेही नाही. आपली माया गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नसते, म्हणून तिची किंमत त्याच्याकडून मागू नये. ती गिऱ्हाईक निवडण्यात वापरावी. चांगल्या घरी जात असेल तर दोन-चार हजार कमी घेणे हा तोटा नव्हे. आणि पुन्हा विकावयाचा झाल्यास प्रथम आम्हास विचारावे, अशी अट लेखी घालता येते.

कायदा काय सांगतो ?

भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये घोड्याच्या विक्रीची अनेक उदाहरणे दिली आहेत. कलम १७ नुसार, लिलावात विकलेल्या घोड्याच्या दोषाविषयी विक्रेता केवळ गप्प राहिला तर ती फसवणूक ठरत नाही. परंतु गिऱ्हाइकाने, ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ असे म्हटले आणि विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. दोष जाणूनबुजून झाकणे हीदेखील फसवणूक होय. बाजाराच्या दिवशी गुंगीचे औषध देऊन घोडा शांत दाखविणे यातच मोडते. याच कायद्याच्या कलम २५ मध्ये, १,००० रुपयांचा घोडा राजीखुशीने १० रुपयांस दिल्यास तो करार वैध असल्याचे उदाहरण आहे. म्हणजे कमी किंमत हा दोष नव्हे. संमती मोकळी असली पाहिजे.

मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम २४ पसंतीवर माल देण्यासंबंधी आहे. ठरलेल्या मुदतीत घोडा परत केला नाही अथवा नापसंती कळविली नाही, तर तो विकला गेला असे समजतात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत ओझ्याच्या जनावराच्या पारखीस ५ दिवस व दुभत्या जनावरास ३ दिवस सांगितले आहेत. खोडकर घोड्याच्या बाबतीत आजही ५ दिवसांची मुदत दोघांच्या हिताची ठरेल.

सौदा करताना

रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत जनावरांच्या बाजारात जुनी आहे. तीत दलालाने दोघांना दोन आकडे सांगण्याचा धोका असतो. म्हणून अखेरचा भाव धन्याने व गिऱ्हाइकाने एकमेकांच्या तोंडून ऐकावा. पावतीवर घोड्याचा रंग, खुणा, वय, किंमत, पसंतीची मुदत व सांगितलेल्या सर्व खोडी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. लिहिता न येणाऱ्यांना शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांनी या कामी अवश्य मदत करावी.

विक्रीपूर्वी रक्त तपासून ग्लँडर्स रोग नसल्याचा दाखला घ्यावा. हा रोग घोड्यापासून माणसास होऊ शकतो व २००९ च्या प्राणिरोग प्रतिबंध अधिनियमाखाली तो कळविणे बंधनकारक आहे. तसेच उपासमार अथवा छळ यांमुळे वेदना भोगणारे जनावर विक्रीस काढणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे.

खोड सांगितल्याने हजार-दोन हजार कमी येतील. परंतु ती आधी ठाऊक असलेला धनी पहिल्या लाथेस चाबूक उगारणार नाही. ज्या घोड्याने आपल्या दारी इमानाने काम केले त्याच्यासाठी एवढे करणे हे पालकाचे कर्तव्यच आहे.