दुरुस्त गुडघा वीस वर्षांनी

एसीएल हा गुडघ्याच्या आत तिरका जाणारा, जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा अस्थिबंध. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसू न देणे हे त्याचे काम. कबड्डीत चढाईपटू पाय रोवून गर्रकन वळतो, वारजेसारख्या महामार्गालगतच्या उपनगरात दुचाकी घसरून पाय गाडीखाली मुरगळतो, आणि हा बंध तुटतो. काही तासांत गुडघा टम्म सुजतो. सूज ओसरली तरी जिना उतरताना गुडघा अचानक सटकतो.

पूर्वी तुटलेली टोके शिवत असत. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील कॅडेटांचे असे शिवलेले बंध पाच वर्षांत निकामी होत गेल्याचे 1976 साली प्रसिद्ध झाले. 1980च्या दशकात डॅक्रॉन, गोरटेक्सचे कृत्रिम बंध आले; तेही तुटले. तेव्हापासून रुग्णाच्याच शरीरातील कंडरा वापरणे हा मुख्य मार्ग ठरला.

हा कंडरा कुठून घ्यावा, यावर शल्यविशारदांमध्ये मोठा वाद आहे. वाटीखालच्या कंडऱ्याला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात, त्यामुळे तो घट्ट रुजतो. पण नंतर गुडघे टेकले की पुढे दुखते, आणि नमाज पढणाऱ्याला किंवा जमिनीवर बसून फरशी बसवणाऱ्याला हा त्रास रोजचा होतो. मांडीमागचा कंडरा घेतल्यास हे दुखणे कमी असते. मात्र तरुण खेळाडूंत तो पुन्हा तुटण्याचे प्रमाण थोडे जास्त दिसते. यावर उपाय म्हणून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने आधाराची एक पट्टी जोडतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, 25 वर्षांपर्यंतच्या 618 रुग्णांच्या चाचणीत या पट्टीमुळे दोन वर्षांत कंडरा तुटण्याचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आले.

दीर्घकाळात मात्र कंडऱ्याच्या निवडीपेक्षा गुडघ्यातील दोन हाडांमधल्या गादीची (मेनिस्कस) अवस्था जास्त महत्त्वाची ठरते. दुखापतीत गादी फाटली किंवा काढावी लागली, तर संधिवात लवकर येतो. स्वीडनमधील महिला फुटबॉलपटूंच्या पाहणीत दुखापतीनंतर 12 वर्षांनी निम्म्याजणींच्या एक्स-रेत गुडघ्याची झीज दिसली. त्यांचे सरासरी वय तेव्हा अवघे 31 होते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या खेळाडूंत फरक नव्हता. शस्त्रक्रिया सटकणे थांबवते; झीज थांबवण्याची हमी ती देत नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. स्वीडनमध्येच 121 तरुणांवर झालेल्या चाचणीत आधी फक्त व्यायामोपचार घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत शस्त्रक्रियेची गरज पडली नाही.

बसवलेल्या कंडऱ्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून त्याचा बंध तयार व्हायला अनेक महिने लागतात. दुखणे त्याच्या कितीतरी आधी थांबते आणि घात तिथेच होतो. म्हणून चौथ्या महिन्यात पाय बरा वाटला, तरी खेळाडूने निदान नऊ महिने सामन्यात उतरू नये आणि मांडीची ताकद तपासून घेतल्याशिवाय चढाईला जाऊ नये.