अजगरिणीचे डोहाळे

ठाण्याहून एका वाचक बाईंचा मेल आला. मुलगी टेक्सासला असते आणि तिने घरात बॉल पायथन जातीची अजगरीण पाळली आहे. आता ही अजगरीण पोटुशी आहे. उंदीर समोर धरला तरी ती तोंड फिरवते आणि मधूनच उताणी पडून राहते. मुलगी घाबरली आहे. बाईंनी शेवटी विचारलंय, ‘आमच्याकडे गर्भारणीचे डोहाळे पुरवतात, हिचे काय पुरवायचे?’

उत्तराआधी कायदा सांगतो, कारण हा मजकूर वाचून कुणाला हुरूप येऊ नये. आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो अजगर असो, धामण असो की बिनविषारी दिवड. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो परदेशी असला तरी २०२२च्या दुरुस्तीनंतर भारतात अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते आणि त्याला पिल्लं झाली तर तेही कळवावं लागतं. टेक्सासच्या मुलीला हे लागू नाही. पुण्यामुंबईत मात्र असे साप हौसेने विकत घेणारे आता कमी नाहीत.

आता अजगरिणीकडे वळू. ती आजारी नाही. बीजांडं सुटण्याच्या वेळी तिच्या अंगाचा मधला भाग अचानक फुगतो, जणू नुकताच मोठा उंदीर गिळलाय. हा फुगवटा काही तासांत, फार तर दिवसाभरात ओसरतो, त्यामुळे अनेकांना तो दिसतच नाही. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवायची तारीख ही. या कातीनंतर साधारण महिन्याभराने अंडी येतात. अमेरिकेतल्या घराघरांत पाळला जाणारा कॉर्न स्नेक मात्र अशी कात टाकल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांतच मोकळा होतो. मुलगी कॉर्न स्नेकचं वेळापत्रक वाचून बॉल पायथनची वाट बघत बसली असेल, तर तिची झोप उडणं साहजिक आहे.

पोटात अंडी वाढताना बॉल पायथनच्या माद्या बहुधा जेवण सोडतात. आधीच्या महिन्यांत साठवलेल्या चरबीवर हे सगळं बाळंतपण निभावतं, म्हणून खरी काळजी गर्भार राहण्याआधी घ्यायची असते. नंतर जबरदस्तीने खाऊ घालण्यात अर्थ नाही. कॅल्शियमची पावडरही लागत नाही. साप उंदीर हाडांसकट गिळतो, त्यामुळे त्याला हवं ते कॅल्शियम त्यातूनच मिळतं. आणि ते उताणं पडणं? गर्भार अजगरिणी पोटाचा भाग वर किंवा आडवा करून पडलेल्या हमखास दिसतात. त्यावर घाबरायचं काही कारण नाही.

तिचा एकच खरा डोहाळा असतो, उबेचा.

सापाचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं हे आपण शाळेत शिकलो. त्यातून ‘साप थंड रक्ताचा, त्याला काय कळतंय’ असा सूर निघतो, तो मात्र चुकीचा. ऑस्ट्रेलियातल्या चिल्ड्रन्स पायथन नावाच्या छोट्या अजगरावर ऑलिव्हिये लुर्दे आणि डेल डीनार्डो यांनी प्रयोग केले. एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला गार अशा जागेत माद्या सोडल्या. गर्भार माद्यांनी आपलं अंग जास्त गरम राखलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या तापमानात चढउतार कमी होते. गर्भ नसलेल्या माद्या इतक्या काटेकोर नव्हत्या. अंडी पोटात असतानाच भ्रूणांची वाढ सुरू झालेली असते आणि आईचं शरीर हीच त्यांची पहिली उबवणी पेटी असते.

म्हणून मुलीने करायचं ते इतकंच. पेटीचं एक टोक बत्तीस अंशांच्या आसपास, दुसरं पंचवीस-सव्वीसच्या, आणि मध्ये चढण. कुठे पडायचं ते अजगरीण ठरवेल. उष्णता देणाऱ्या चटईला थर्मोस्टॅट हवाच. तापलेल्या पृष्ठभागावर साप भाजेपर्यंत पडून राहतात आणि पशुवैद्यांकडे असे भाजलेले साप नेहमी येतात. अंधारी, तिचं अंग जेमतेम मावेल अशी खोकी हवी. तिच्यात ओलसर स्फॅग्नम मॉस घालायचं, ठिबकेल इतकं ओलं नाही. पाण्याचं भांडं कायम भरलेलं ठेवायचं, कारण अंड्यांत भरलेलं बरंच पाणी आईच्या अंगातून आलेलं असतं. हाताळणं बंद, नातेवाइकांना दाखवणं बंद. पोट चाचपून अंडी मोजायची हौस तर मुळीच नको.

काळजीची वेळ वेगळी असते. काही अंडी घालून झाली आणि पुढची अडकली, तासन् तास कळा दिसतात पण काही येत नाही, किंवा अपेक्षित दिवस उलटून बरेच दिवस झाले, तर थेट सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यायचं. अडकलेलं अंडं बाहेरून दाबून काढण्याच्या प्रयत्नात अंडनलिका फाटते. गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून दिलं जाणारं ऑक्सिटोसिन कासवांत छान काम करतं, सापांत तितकं नाही. मग अंड्यातला द्रव सुईने काढून घेणं किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग उरतात. अंडी अडकण्यामागे लठ्ठपणा, चुकीचं तापमान आणि मनासारखी जागा न मिळणं ही कारणं वारंवार सापडतात. तेव्हा ती ओलसर खोकी फुकट जात नाही.

प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. पण या विषयाला एक गोष्ट चिकटलेली आहे आणि तिच्यात हिंदुस्थान आहे, म्हणून ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

१८३०च्या दशकात लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी हिंदुस्थानातून परतला आणि त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं की तिथली अजगरीण अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि स्वतःच्या अंगाची ऊब देऊन ती उबवते. अकादमीतल्या प्राणिशास्त्रज्ञांनी हे मानलं नाही. सरपटणारा प्राणी उष्णता निर्माण करतो, हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. सांगणारा हौशी निसर्गप्रेमी, आणि पुरावा पॅरिसपासून हजारो मैलांवरचा. इथल्या गावकऱ्यांनी आणि गारुड्यांनी अंड्यांवर बसलेली अजगरीण पिढ्यान् पिढ्या पाहिली असणार. त्यांना विचारायला कोणी आलं नाही, हे ओघाने आलंच.

मग १८४१ उजाडलं. पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयातल्या एका अजगरिणीने मे महिन्यात अंडी घातली, ती एकत्र गोळा केली आणि त्यांच्यावर शंकूसारखं वेटोळं करून बसली. आशील व्हालांसिएन हा प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिएचा शिष्य, माशांचा मोठा अभ्यासक. त्याने वेटोळ्यात थर्मामीटर खुपसले आणि मे-जूनभर नोंदी केल्या. वेटोळ्यातलं तापमान आसपासच्या हवेपेक्षा स्पष्टपणे जास्त भरलं. तोच साप दारात येऊन बसला, तेव्हा अकादमीला ऐकावं लागलं. तरी वाद मिटला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८६२ मध्ये एका आफ्रिकी अजगरिणीने अंडी घातली आणि पुन्हा मोजमापं, पुन्हा शंका. आता प्रश्न असा होता की ही उष्णता सापाची की पिंजरा गरम करण्याच्या सोयीची?

बिचाऱ्या लामार-पिकोचं नशीबच तसं. हिंदुस्थानातून त्याने नेलेला मूर्ती-वस्तूंचा संग्रह फ्रान्सने घेतला नाही, तो बव्हेरियाच्या राजाकडे गेला आणि आज म्युनिकमध्ये आहे. पुढे तो उत्तर अमेरिकेत गेला आणि तिथल्या आदिवासींच्या खाण्यातलं एक कंदमूळ घेऊन आला, बटाट्याला पर्याय म्हणून. त्याला स्वतःचं नावही दिलं. फ्रेंचांनी बटाटाच खाल्ला. आज अजगराच्या उबवणीवरच्या शोधनिबंधांत मान व्हालांसिएनला मिळतो आणि लामार-पिको उरतो एखाद्या तळटीपेत. थर्मामीटर ज्याच्या हातात त्याचं नाव होतं, हे बरोबरच आहे असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. अजगरीण नुसती बसत नाही, ऊब देते, हे त्याने आधी आणि ठामपणे सांगितलं होतं.

शंका खऱ्या अर्थाने मिटली ती १९६६ मध्ये. हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर या तिघांनी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अंड्यांवर बसलेल्या एका अजगरिणीचं तापमान आणि तिला लागणारा प्राणवायू दोन्ही मोजलं. हवा ३३ अंशांच्या खाली गेली की तिच्या अंगातल्या स्नायूंना आचके यायला लागायचे. हवा जितकी गार तितके आचके जास्त, तितका प्राणवायूचा खर्च जास्त, आणि अंग हवेपेक्षा काही अंशांनी गरम. आपण थंडीत कुडकुडतो तेच, फक्त पिल्लांसाठी आणि आठवडेच्या आठवडे. हा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला.

इथे टेक्सासच्या अजगरिणीबद्दल एक निराशा. बॉल पायथन कुडकुडत नाही. तीही अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, पण उष्णता निर्माण करत नाही. मग बसते कशाला? पाण्यासाठी. फ्रेंच संशोधक फाब्यँ ओब्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टोगोमध्ये या सापावर काम केलं. आईच्या वेटोळ्यातली अंडी सुकत नाहीत, हा तिचा मोठा उपयोग त्यातून दिसला. सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं असतं, त्यातून पाणी सहज उडून जातं. पण घट्ट वेटोळं घातलं की आतल्या भ्रूणांना प्राणवायू कमी पडतो. म्हणून चिल्ड्रन्स पायथनची आई अधूनमधून वेटोळं सैल करते, हवा आत घेते आणि पुन्हा आवळते. झॅकरी स्टालश्मिट आणि डीनार्डो यांनी हे मोजून दाखवलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या अजगराची तऱ्हा याहून न्यारी. ग्रॅहॅम अलेक्झांडर यांनी डिनोकेंग अभयारण्यात कित्येक वर्षं रेडिओ बसवलेल्या अजगरिणींचा माग काढला. अंडी घालायच्या हंगामात त्या काळ्याठिक्कर होतात. काळा रंग ऊन लवकर शोषतो. बिळाच्या तोंडाशी उन्हात पडून त्या अंग जवळजवळ चाळीस अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे जिवावर बेतेल इतकं, आणि मग आत जाऊन अंड्यांना मिठी मारतात. चालती-फिरती शेकायची पिशवीच म्हणा. पिल्लं बाहेर आल्यावरही त्या आणखी दोनेक आठवडे रात्री त्यांना वेटोळ्यात घेऊन बसतात. या काळात आई काही खात नाही, वजन भयंकर उतरतं. अंडी घालणाऱ्या सापांत पिल्लांचं असं संगोपन कोणी अपेक्षिलं नव्हतं.

आपल्याकडची अजगरीण कुडकुडणाऱ्यांतली आहे आणि तिचं हे बसणं कधीकधी मोठी कामं थांबवतं. २०२२ मध्ये केरळात कासरगोडला राष्ट्रीय महामार्ग ६६च्या रुंदीकरणात एका मोरीच्या जागी अजगरीण चोवीस अंड्यांवर बसलेली सापडली. जाणकारांनी सांगितलं, आईची ऊब लागेल, हलवू नका. तिथलं काम चोपन्न दिवस थांबवण्यात आलं. हाच रस्ता वर गोव्यातून, तळकोकणातून पनवेलला येतो. आपल्या बाजूच्या कंत्राटदारांनी हे वाचलंय का, कुणास ठाऊक.

अमेरिकेतल्या हौशी मंडळींत मात्र अंडी आली की आईला उचलून अंडी काढून घ्यायची पद्धत आहे. ती एकतीस-बत्तीस अंशांवर, दमट हवेत, पेटीत ठेवतात आणि सुमारे दोन महिन्यांत पिल्लं निघतात. आई लवकर जेवायला लागते, पुढच्या हंगामाला तयार होते. हिशोब असा आहे. रंगीबेरंगी पिल्लांचा बाजार फार मोठा आहे आणि त्यातली ‘स्पायडर’ म्हणून विकली जाणारी जात जन्मतःच डोकं थरथरवते, हे माहीत असूनही वर्षानुवर्षं ती पैदा करण्यात आली. त्यामुळे ‘पेटी आईपेक्षा चांगली’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणासाठी? घरात हवा कोरडी असेल, तापमान डळमळत असेल, तर पेटी खरंच बरी. तापमान आणि ओल सांभाळता येत असेल, तर एखाद्या हंगामापुरतं आईला बसू द्यायला हरकत नाही. नंतर तिला भरपूर खाऊ घालावं लागेल, इतकंच.

अंडी हलवायचीच असतील, तर जशी पडली तशीच उचलायची आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची. भ्रूण लवकरच वरच्या कवचाशी चिकटतो. अंडं उलटलं तर तो गुदमरू शकतो. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सोडवू नयेत. पिवळट, सुरकुतलेली, लहान अंडी बहुधा पोकळ असतात. पण ‘नर तर कधी जवळ नव्हता, म्हणजे सगळी पोकळच’ असं धरून ती टाकू नयेत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयात साठीच्या आसपासच्या एका बॉल पायथनने सात अंडी घातली. कित्येक वर्षांत तिच्या आसपास नर फिरकला नव्हता. तिने पूर्वीचं वीर्य साठवून ठेवलं होतं की नराशिवायच पिल्लं होऊ घातली होती, हे ठरवायला तिथल्या लोकांना दोन अंडी जनुकीय तपासणीला द्यावी लागली.