तारीख लॉयल्टीची, चित्र जलउषाचे

५ एप्रिल १९६५ रोजी भारतीय टपाल खात्याने १५ पैशांचे एक निळे तिकीट काढले. निमित्त राष्ट्रीय सागरी दिनाचे. चित्रात विशाखापट्टणम आणि ‘जलउषा’ हे मालवाहू जहाज. गंमत अशी, की ५ एप्रिल ही तारीख जलउषाची नव्हेच. ती आहे ‘लॉयल्टी’ नावाच्या जहाजाची, १९१९ सालची. सरकारची निवड समजण्यासारखी आहे. जलउषा आपल्या गोदीत बांधलेले, स्वातंत्र्यानंतर पाण्यात उतरलेले. लॉयल्टी पडले विलायती बनावटीचे आणि वापरून जुने झालेले. पण जहाजाने जन्मभर काय काय सोसले हे पाहायचे, तर त्या म्हाताऱ्या जहाजाकडेच वळावे लागते.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या बुलढाणा जिल्ह्याचा या जहाजांशी काय संबंध, असे विचारणाऱ्याने खामगावची कापूसपेठ आठवावी. जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा १८७० साली केवळ कापसापायी टाकला गेला. त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. रॅली ब्रदर्ससारख्या परदेशी पेढ्यांचे खरेदीदार खामगावात ठाण मांडून बसत. सरकी काढून, दाबून बांधलेली ३९२ पौंडांची गाठ जलंबमार्गे मुंबईला जाई आणि तिथून बोटीत चढे. इथवरचा कारभार डोळ्यांसमोरचा. पुढे बोट कुणाची आणि भाडे किती, हे ठरे लंडनमध्ये; आणि त्या भाड्याची झळ अखेर बाजारात गाडी सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या भावाला लागे.

ही मक्तेदारी मोडायचा एक प्रयत्न कापसासाठीच झाला होता. जपानच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता, पण मुंबई-जपान वाहतूक ‘पी अँड ओ’ आणि तिच्या जोडीदार कंपन्यांच्या मुठीत. जमशेदजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३ मध्ये ‘हिरोशिमा मारू’ मुंबईला लागले. उत्तरादाखल पी अँड ओने भाडे इतके पाडले, की माल जवळजवळ फुकटात नेला जाऊ लागला. टाटांची लाइन लवकरच बंद पडली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्या पाठीशी तिचे सरकार होते. हा फरक मुंबईच्या व्यापाऱ्यांनी चांगलाच ध्यानात ठेवला.

आता लॉयल्टी. त्याचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमधल्या बॅरो गावी बांधलेले हे ५,९०५ टनांचे, पांढऱ्या रंगाचे देखणे जहाज १८९१ साली कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत रुजू झाले. हाँगकाँग, जपान, व्हँकुव्हर ही त्याची वाट. पोटात टपाल, चहा, रेशीम आणि वर प्रवासी. व्हँकुव्हरला उतरलेले कच्चे रेशीम खास गाड्यांनी धावतपळत न्यूयॉर्ककडे रवाना होई, कारण माल मोलाचा आणि एकेका दिवसाचे व्याज मोठे. दोन दशकांहून अधिक काळ पॅसिफिक महासागर ओलांडल्यावर पहिले महायुद्ध आले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने जहाज विकत घेतले गेले, त्यावर जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ थाटले गेले आणि नवे नाव पडले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. पुढे याच राजनिष्ठेच्या मालकांनी ब्रिटिश कंपन्यांशी वैर मांडले, हा नशिबाचा विनोदच म्हणायचा.

युद्ध संपले आणि जहाज विक्रीला निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद तेव्हा रेल्वेची कंत्राटे घेत होते. प्रवासात भेटलेल्या एका इंग्रज गृहस्थाकडून त्यांना या विक्रीची कुणकुण लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास अशी वजनदार मंडळी जमली. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदवली गेली आणि आठवडा-दहा दिवसांत, ५ एप्रिलला, लॉयल्टीने मुंबईहून लंडनची वाट धरली. त्यावर वालचंद आणि नरोत्तम स्वतः होते. जहाज चालवण्याइतकीच विलायतेत आणखी जहाजे विकत घेण्याची त्यांना घाई होती आणि पॅलेस लाइनची सहा जहाजे त्यांनी खरेदीही केली.

लॉयल्टीने कंपनीला नाव दिले, पैसा नाही. अठ्ठावीस वर्षांच्या जहाजाचा खर्च आवाक्यात राहणे कठीणच होते. १९२१ मध्ये ते बाजूला उभे केले गेले आणि १९२३ साली मुंबईतच भंगारात निघाले.

त्याच वर्षी कंपनीचेही पंख छाटले गेले. सिंदियाने रंगून-मुंबई तांदळाच्या वाहतुकीत हात घालताच लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने टनामागचे भाडे १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आणले. अखेर १९२३ चा दहा वर्षांचा करार झाला: सिंदियाने ७५,००० टनांच्या वर जायचे नाही आणि किनारा सोडून परदेशी मार्गांवर फिरकायचे नाही. थोडक्यात, वऱ्हाडच्या गाठी विलायतेला वा जपानला न्यायला आपली बोट नको! वालचंदांना हा करार मनापासून कधीच पटला नाही, पण कंपनी जगवायची तर दुसरा इलाज नव्हता.

स्वतःची गोदी हवी, हा त्यांचा हट्ट विशाखापट्टणमला फळाला आला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी शहरावर बाँब टाकले. समुद्रावर तर आणखी वाईट चालले होते. सिंदियाची ‘जलराजन’, ‘जलतरंग’, ‘जलपालक’ ही जहाजे १९४२ मध्ये आणि ‘जलबाला’ १९४३ मध्ये पाणबुड्यांनी बुडवली.

‘जल’ हे उपपद लावायची कंपनीची रीत या हानीनंतरही चालू राहिली. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंनी ८,००० टन मालवाहू क्षमतेचे ‘जलउषा’ पाण्यात सोडले. गोदी चालवणे मात्र एका कंपनीला झेपेना. १९५२ मध्ये सरकारने दोन-तृतीयांश हिस्सा घेऊन ती ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ केली आणि १९६१ मध्ये ती पूर्णपणे ताब्यात घेतली. म्हणजे तिकीट निघाले तेव्हा जलउषा खाजगी कंपनीने बांधलेले, पण गोदी सरकारी झालेली. टपाल खात्याला हे चित्र जवळचे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

वालचंद ते तिकीट पाहायला नव्हते. १९५३ साली त्यांचे निधन झाले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीही डबघाईला आली. मुंबईच्या बेलार्ड इस्टेटमधली सिंदिया हाउस ही तिची इमारत नंतर आयकर खात्याच्या कार्यालयांसाठी वापरात आली.