‘नवीन’ शब्दापाशी अडलेला कॉम्प्युटर

गेल्या जूनमध्ये नववीतल्या एका मुलीचे वडील दाखला मागायला आले. पोरगी हुशार, गणितात पहिली. “गुरुजी, तिला पुढे कॉम्प्युटरचे शिकवायचे आहे. मराठी शाळेत राहून ते जमायचे नाही,” असे त्यांचे म्हणणे. सीमाभागातल्या आम्हां शिक्षकांना हे वाक्य नवे नाही. दर जूनला ते ऐकू येते आणि पटावरचे एकेक नाव कमी होते. आम्ही त्यांच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

दोष त्यांचा नाही. तीन महिन्यांचा क्लास लावा, प्रमाणपत्र घ्या, नोकरी पक्की, असे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. टायपिंगच्या परीक्षेसारखेच हे काहीतरी असणार, ही आमची समजूत! पीटर नॉर्विग या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००१ साली यावर एक लेख लिहिला. चोवीस तासांत प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या पुस्तकांना उत्तर म्हणून त्याने शीर्षकातच दहा वर्षांची मुदत घातली आहे.

गावच्या वाचनालयाच्या समितीवर आम्ही आहोत. तिथला जुना कॉम्प्युटर संध्याकाळी मुलांसाठी खुला केला. पुण्यात नोकरीला असलेला आमचा एक माजी विद्यार्थी रविवारी फोनवरून शिकवी. आम्हीही मुलांबरोबर बाकावरच.

त्याने एक काम दिले. उलटसुलट कसाही वाचला तरी तोच राहणारा शब्द ओळखणारा प्रोग्राम लिहा. त्या मुलीने तो लिहिला. ‘कडक’ बरोबर आला, ‘सरस’ बरोबर आला. ‘नवीन’ मात्र चूक! कॉम्प्युटरने तो उलटा करून ‘नीवन’ असा दाखवला.

आता ‘नवीन’ उलटा वाचला तरी नवीनच, हे पहिलीतले पोरही सांगेल. पण युनिकोडमध्ये, म्हणजे ज्या पद्धतीने देवनागरी आज कॉम्प्युटरमध्ये साठवली जाते तिच्यात, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण या सगळ्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरी, यंत्राला सात खुणांचा. उलटा करताना वेलांटी आपल्या ‘व’ला सोडून शेजारच्या ‘न’वर जाऊन बसली होती.

मुलीने वेलांट्या-मात्रा अक्षराला बांधल्या. मग ‘क्षेत्र’ घातला, तर ‘रत्षेक्’ असे काहीतरी अगम्य बाहेर आले. पाय मोडला की पुढचे अक्षरही त्याच गटात धरायचे, हे तिला दोन दिवसांनी उमगले. मग अनुस्वार राहिल्याचे ‘कंटक’ने उघडे पाडले. एकदा लाइट गेली आणि साठवून न ठेवलेले सगळे पुसले गेले. त्या रात्री ती रडली. दुसऱ्या दिवशी वहीत चौकोन आखून एकेक खूण पेन्सिलीने पुढे सरकवत बसली. अशा अकरा संध्याकाळी. शेवटी उरल्या वीसेक ओळी.

तिने वापरलेल्या पायथन भाषेत राखीव शब्द अवघे ३५. ते इंग्रजीच आहेत, पण १९९१ मध्ये ही भाषा बाहेर आणणाऱ्या खिडो व्हान रॉसमची मातृभाषा डच. चुकीचे संदेशही इंग्रजीतच येतात. त्यांचे अर्थ ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी. इंग्रजी लागते, पुढे तर फारच लागेल. ते आम्ही नाकारत नाही, आणि आमच्या शाळेत ते याहून चांगले शिकवले गेले पाहिजे. पण त्या अकरा संध्याकाळी ती इंग्रजीपाशी अडली नव्हती. अक्षर म्हणजे काय, इथे अडली होती. आणि तिथे बाराखडीच कामाला आली.

दिवाळीत वडील वाचनालयात आले. बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हणाले, “यावर नोकरी मिळेल?” आम्ही म्हणालो, “एवढ्यावर नाही. अशा शेकडो संध्याकाळी लागतील.” दाखल्याचा अर्ज त्यांनी परत नेलेला नाही, तो आमच्या खणात आहे. मार्चमध्ये पुन्हा बोलायचे ठरले आहे.

मुलगी सध्या वाचनालयाचे जुने इतिवृत्त युनिकोडमध्ये आणू पाहते आहे. ते ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाले, त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. तीन आठवडे झाले, ती वेलांटी अजून जोडाक्षरावर नीट बसत नाही.